घरातील लिफ्टची निवड

गुडघ्यांनी जिना चढण्याचे नाकारले की वरच्या मजल्यावरील खोली असून नसल्यासारखी होते. मग लिफ्ट बसविण्याचा विचार निघतो, आणि पाळण्यातील आरसे व दिवे यांची चर्चा आधी होते. वास्तविक प्रथम विचारावयाचे ते हे की, पाळण्याचे वजन कोण पेलतो आणि वीज गेल्यास पाळणा काय करतो?

दोराच्या लिफ्टमध्ये पोलादी दोर कप्पीवरून गेलेले असतात. एका टोकास पाळणा, दुसऱ्यास प्रतिभार. प्रतिभार सामान्यतः रिकामा पाळणा व पूर्ण भाराचा सुमारे निम्मा हिस्सा यांच्या बेरजेइतका ठेवतात. त्यामुळे मोटरला केवळ फरकाचे वजन ओढावे लागते व वीज कमी लागते. दोर तुटण्याची धास्ती मात्र अनाठायी होय. १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात एलिशा ओटिस यांनी उंच फलाटावर उभे राहून दोर तोडावयास लावला. अडसर बसून फलाट जागीच थांबला. वीज गेल्यावर या लिफ्टचा ब्रेक लागतो आणि माणूस मध्येच अडकतो. म्हणून सुटकेसाठी बॅटरीची सोय हवीच.

तेलदाबाच्या लिफ्टमध्ये पंप नळकांड्यात तेल लोटतो व दट्ट्या पाळणा उचलतो. भार जमिनीवर येतो, ही जुन्या घरांच्या दृष्टीने मोठीच सोय. वीज नसताना झडप उघडली की पाळणा स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली येतो. मात्र प्रतिभार नसल्यास चढतेवेळी सर्व वजन पंपावर पडते. मळसूत्राची लिफ्ट संथ असते. दोनतीन मजल्यांना ती पुरे.

हवेच्या लिफ्टमध्ये पाळण्याच्या वरची हवा काढून घेतात व खालची हवा त्यास वर ढकलते. नळीचा व्यास ९० सें.मी. धरल्यास क्षेत्रफळ सुमारे ६,३६० चौ. सें.मी. होते. हवेचा दाब दर चौ. सें.मी.ला अंदाजे १ किलोग्रॅम असतो. तेव्हा पाळणा व माणसे मिळून ३१८ किलोग्रॅम उचलण्यास त्याचा विसावा हिस्साच कमी करणे पुरेसे आहे. वीज गेल्यास वरच्या भागात हवा हळूहळू शिरते व पाळणा अलगद उतरतो. परंतु चाकांची खुर्ची सुमारे ६५ सें.मी. रुंद व १ मीटरहून लांब असते. ती ९० सें.मी.च्या वर्तुळात मावत नाही. तिच्यासाठी बराच मोठा व्यास घ्यावा लागतो, आणि खुर्ची ढकलणाऱ्यास सोबत न्यावयाचे असल्यास त्याहूनही मोठा.