शस्त्रक्रियेची जखम आणि रुग्णालयीन कर्मचाऱ्यांचे ज्ञान

ऑपरेशन व्यवस्थित पार पडले असे डॉक्टरांनी सांगितले की नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. परंतु पाच-सहा दिवसांनी टाके लाल होतात, पू येऊ लागतो आणि घरी निघालेला रुग्ण पुन्हा खाटेवर पडतो. यालाच शस्त्रक्रियेच्या जखमेचा जंतुसंसर्ग म्हणतात. साधारणपणे ३० दिवसांच्या आत झालेला संसर्ग या सदरात मोडतो.

आपल्या बीड जिल्ह्याला हा विषय परका नाही. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीच्या २०१९ मधील अहवालात ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीचे आकडे आले. त्यांतील १३,८६१ महिलांचे गर्भाशय काढलेले होते. त्या शस्त्रक्रिया गरजेच्या होत्या काय, हा स्वतंत्र आणि गंभीर प्रश्न होय. पण एवढ्या पोटांवर जखमा झाल्या, त्या कोणी तरी धुतल्या व बांधल्या. त्या हातांना काय ठाऊक होते, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे.

हात धुण्याचे महत्त्व १८४७ साली व्हिएन्नाच्या रुग्णालयात सेमेलवाइस या डॉक्टरांनी दाखवून दिले. शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्यास लावले आणि मृत्यू झपाट्याने घटले. तरी वरिष्ठांनी ते मानले नाही! पुढे १८६७ मध्ये लिस्टर यांनी कार्बोलिक आम्ल वापरून जखमा पुवाविना भरून येतात, हे प्रसिद्ध केले.

आज ज्ञान पुस्तकात आहे. अडचण आहे ती जुन्या सवयींची. आदल्या रात्री वस्तऱ्याने केस काढण्याची पद्धत अनेकांना स्वच्छतेची वाटते. प्रत्यक्षात वस्तऱ्याचे बारीक ओरखडे म्हणजे जंतूंना वाढण्यास आयती जागा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार केस काढूच नयेत. अगदी आवश्यक असल्यास यंत्राने कापावेत. तीच गोष्ट प्रतिजैविकांची. जितके जास्त दिवस इंजेक्शन तितकी जखम सुरक्षित, हा समज चुकीचा आहे. ज्या शस्त्रक्रियेत प्रतिबंधक मात्रा लागते तेथे ती चीर देण्यापूर्वीच्या १२० मिनिटांत द्यावयाची असते; कारण चीर पडते त्या क्षणी औषध पेशींत पोहोचलेले हवे. शस्त्रक्रिया संपल्यावर केवळ प्रतिबंधासाठी ते चालू ठेवू नये.

निर्जंतुकीकरणाच्या ड्रमवरील पट्टीचा रंग बदलला म्हणजे काम झाले, असेही मानले जाते. ती पट्टी ड्रम तापला एवढेच सांगते. कपडे दाबून भरले असतील तर १२१ अंश सेल्सिअसची वाफ आतल्या घडीपर्यंत जातच नाही.

उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या भागात पाण्याचे काय, असे कोणी विचारील. हातावर दिसणारा मळ वा रक्त नसेल तर अल्कोहोलचे द्रावण कोरड्या हातांना चोळणे हा मान्य उपाय आहे. ते तयार करण्याचे सूत्रही जागतिक आरोग्य संघटनेने दिलेले असून रुग्णालयाच्या औषध विभागात ते बनविता येते. बांगड्या, अंगठ्या आणि वाढलेली नखे मात्र आधी गेली पाहिजेत.

प्रशिक्षण बहुधा डॉक्टर आणि परिचारिका यांच्यापाशीच थांबते, असे मला वाटते. ड्रेसिंगची ट्रॉली ढकलणारा वॉर्डबॉय, फरशी पुसणाऱ्या मावशी, ड्रम लावणारा कर्मचारी यांना फक्त हुकूम मिळतात, कारणे मिळत नाहीत. कारण समजलेला माणूस घाईतही टाळाटाळ करीत नाही. आमच्या बँकेत एकाने लिहिलेले व्हाउचर दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जात नाही. त्यात अविश्वास नसतो. शस्त्रक्रियागृहासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये काढलेली १९ मुद्द्यांची तपासणी यादी याच जातीची आहे. प्रतिजैविक दिले काय, हे तीत मोठ्याने विचारावयाचे असते, आणि विचारणारी व्यक्ती परिचारिका असली तरी सर्जनने थांबून उत्तर द्यावयाचे असते.

एक बाब मात्र रुग्णालयाच्या भिंतीबाहेरची आहे. संसर्ग पुष्कळदा सुटी मिळाल्यावर दिसतो. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन टोळी निघते. उचल घेतलेली असते, मुकादम थांबत नाही. ओली जखम घेऊन मोळी उचलणाऱ्या बाईला लाली, सूज, दुर्गंधी, ताप ही लक्षणे सुटीच्या वेळी परिचारिकेने तोंडी, तिच्या भाषेत सांगितली पाहिजेत. ती कर्नाटकातील फडावर असताना जखम चिघळली तर कोठे दाखवावे आणि कोणती शस्त्रक्रिया केव्हा झाली, हे तिच्या कार्डावर ठळक लिहिलेले असावे.