तार, पेटी आणि अनिश्चितता

‘अनिश्चितता’ हा शब्द आपल्या वक्तृत्व स्पर्धांतून फार स्वस्त झाला आहे. हायझेनबर्गने १९२७ साली मांडलेल्या तत्त्वाचा हवाला देऊन कोणी दैववाद सिद्ध करतो, तर कोणी ‘जगात काहीच निश्चित कळत नाही’ असे ठोकून देतो. मी कला शाखेची विद्यार्थिनी. तत्त्वज्ञानाच्या तासाला हा वाद ऐकून मूळ विषय थोडा वाचला, तेव्हा ध्यानात आले की या तत्त्वात गोंधळ नसून काटेकोर हिशेब आहे. तो समजून घेण्यास आपल्या मिरजेच्या तंबोऱ्याइतके सोयीचे साधन दुसरे नाही.

मिरजेत तंतुवाद्ये घडविण्याचा व्यवसाय एकोणिसाव्या शतकापासून चालत आला आहे. भोपळे पंढरपूरकडून येतात. २०२४ साली येथील सतार व तंबोरा यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी भजनाला एकतारीच असे. पण एकतारी काय आणि तंबोरा काय, तार दोन्ही टोकांना जखडलेली असते. टोके हलायची नाहीत, हीच ‘सीमा-अट’. तिच्यामुळे तारेत अर्धी लाट मावते, एक मावते, दीड मावते. सव्वा मात्र मावत नाही. खुंटी पिळली तर सूर चढेल, पण त्यातील स्वरांशांच्या कंपनांचे प्रमाण एक, दोन, तीन असेच राहील. कोणते स्वर निघावेत हे बंधन ठरवते.

द ब्रॉग्लीने १९२४ साली कणालाही तरंग जोडला आणि १९२६ साली श्रोडिंगरने त्या तरंगाचे समीकरण दिले. आता इलेक्ट्रॉन अभेद्य भिंतींच्या पेटीत कोंडला आहे अशी कल्पना करा. भिंतीशी तरंग शून्य झाला पाहिजे; म्हणजे तारेचीच अट. म्हणून ऊर्जाही पायऱ्यापायऱ्यांनीच मिळते. फरक इतकाच की येथे प्रमाण एक, चार, नऊ असे वर्गांचे असते. एक नॅनोमीटर रुंदीच्या पेटीत सर्वांत खालची पायरी सुमारे ०.३८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट येते. पेटी निम्मी केली की ती चौपट होते. २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक बावेंडी, ब्रुस व एकिमोव्ह यांना ज्या ‘क्वांटम डॉट’साठी मिळाले, त्यांचे रहस्य हेच. पदार्थ तोच, पण कण मोठा तर प्रकाश तांबडा, लहान तर निळा.

मात्र एका ठिकाणी तार आणि इलेक्ट्रॉन यांची फारकत होते, आणि मला तरी सारी गंमत तेथेच वाटते. तंबोरा खुंटीला टांगला की तार सरळ आणि गप्प. इलेक्ट्रॉनाचा तरंग तसा ‘सरळ’ केला, तर दोन्ही भिंतींशी शून्य म्हणजे सर्वत्रच शून्य. म्हणजे पेटीत इलेक्ट्रॉनच नाही! तो आहे म्हटले की किमान अर्धी लाट आलीच, आणि तिच्याबरोबर ऊर्जाही. कोंडलेल्या कणाला स्वस्थ बसता येत नाही.

अनिश्चितता येते ती येथूनच. मोजणाऱ्याचा हात कापतो म्हणून नव्हे. खालच्या पायरीवर स्थानातील अनिश्चितता पेटीच्या रुंदीच्या ०.१८ पट असते. संवेगाची सरासरी शून्य, पण त्याचा विस्तार प्लांकच्या स्थिरांकाला दुप्पट रुंदीने भागल्याइतका. दोहोंचा गुणाकार सुमारे ०.५७ येतो (प्लांकचा स्थिरांक २π ने भागून जे एकक मिळते त्यात), आणि हायझेनबर्गची किमान मर्यादा आहे ०.५. पेटी कितीही आवळा, स्थान जितके नेमके होईल तितका संवेग पसरेल, गुणाकार तोच. याला ‘काहीच कळत नाही’ कसे म्हणावे?

अर्थात, खरी टोके इतकी सरळमार्गी नसतात. तार जेथे छेडावी तेथे ज्या स्वरांशाचा स्थिर बिंदू असेल तो स्वरांश उमटू नये, असा यंगचा नियम आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली दाखवून दिले की तंबोरा हा नियम पाळत नाही. त्याची घोडी रुंद व किंचित गोलसर, आणि तारेखाली जवारीचा दोरा. त्यामुळे तारेचे टोक एका बिंदूत नेमके संपतच नाही. इलेक्ट्रॉनाच्या भिंतीचे कारण वेगळे आहे, पण तीही प्रत्यक्षात अभेद्य नसते. तरंग थोडा भिंतीत शिरतो, लाट लांबते आणि ऊर्जा उतरते. म्हणून क्वांटम डॉटचा रंग काढताना पेटीचे सोपे सूत्र पुरत नाही. भिंत किती उंच आहे, हे आधी विचारावे लागते.