निको बेलिकचा पगार

आबा : परवा तू म्हणालीस, व्हिडिओ गेममध्ये बोलणाऱ्यांनी अमेरिकेत संप केला. गेममध्ये बोलायला माणूस लागतो?

मुक्ता : लागतो तर! 2008 साली ‘ग्रँड थेफ्ट ऑटो फोर’ आला. त्याचा नायक निको बेलिक. मायकेल हॉलिक नावाच्या नटाने त्याला आवाज दिला, अंगावर सेन्सर लावून त्याच्या हालचालीही केल्या. सव्वा वर्षाच्या कामाचे त्याला साधारण एक लाख डॉलर मिळाले.

आबा : मग रड कशाची?

मुक्ता : पहिल्या आठवड्यातच गेमची विक्री 50 कोटी डॉलरच्या पुढे गेली. त्यातला छदामही त्याला नाही. पण गंमत म्हणजे त्याने कंपनीला दोष दिला नाही. आमच्या युनियननेच तसा करार कधी करून ठेवला नाही, म्हणाला.

आबा : खरं बोलला. मालक आपणहून कशाला देईल? सिनेमातल्या नटांना तिकडे मिळतं का असं काही?

मुक्ता : मिळतं. सिनेमा टीव्हीवर पुन्हा दाखवला की नटाला पैसे. तो हक्क 1960 च्या संपात मिळवला. तेव्हा नटांच्या संघटनेचा अध्यक्ष कोण होता माहितीये? रोनाल्ड रेगन.

आबा : काय सांगतेस! विमानतळांवरच्या संपकऱ्यांना घरी बसवणारा तो रेगन?

मुक्ता : तोच. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर 1981 मध्ये अकरा हजारांवर हवाई नियंत्रक काढून टाकले त्याने.

आबा : खुर्ची बदलली की माणूस बदलतो. बरं, गेमवाल्यांचं पुढे?

मुक्ता : 2016 च्या ऑक्टोबरमध्ये ‘सॅग-आफ्ट्रा’ या युनियनने संप पुकारला. तेव्हा चार तासांच्या रेकॉर्डिंगचा किमान दर सुमारे 825 डॉलर होता. मागणी अशी की दर 20 लाख प्रती खपल्या की तेवढीच रक्कम पुन्हा द्या, पण 80 लाखांवर थांबा. म्हणजे जास्तीत जास्त चार वेळा. शिवाय ज्या कामात घसा फाटतो तिथे सत्र दोन तासांचं करा. युद्धाच्या गेममध्ये नुसतं ओरडायचं, भाजून मरायचं, कड्यावरून पडायचं, सलग चार तास.

आबा : थांब, हिशेब करू दे. एका गेममध्ये बोलणारे किती?

मुक्ता : शंभर धरा, सढळ हाताने.

आबा : शंभर जणांचे झाले साडेब्याऐंशी हजार. भागिले वीस लाख. अगं, प्रतीमागे चार सेंट! गेमची किंमत काय?

मुक्ता : तेव्हा 60 डॉलर.

आबा : साठ डॉलरच्या मालात चार सेंटसाठी संप होऊ दिला? मग भांडण पैशाचं नव्हतंच. पायंड्याचं होतं. बँकेत आम्ही हेच पाहिलं. एका खात्याला दिलं की उद्या शिपायापासून सगळे रांगेत उभे.

मुक्ता : अगदी तेच. कंपन्या म्हणत, गेम बनवण्याच्या एकूण कामात आवाजाचा वाटा एक टक्क्याच्या दहाव्या भागाहूनही कमी. प्रोग्रॅमर, चित्रकार वर्षानुवर्षं राबतात, त्यांना विक्रीमागे ठरलेला वाटा नाही, मग तुम्हालाच का?

आबा : हा मुद्दा बिनतोड वाटतो खरा. पण प्रोग्रॅमरला मिळत नाही म्हणून नटाला देऊ नका, हे कुठलं शास्त्र? प्रोग्रॅमरलाही द्या की!

मुक्ता : तुम्ही बोलणी करायला हवी होतीत. संप 340 दिवस चालला. विक्रीतला वाटा मिळालाच नाही. त्याऐवजी सत्रांच्या संख्येनुसार बोनस ठरला. पहिल्या सत्राला 75 डॉलर, दहा सत्रं झाली की एकूण 2,100.

आबा : म्हणजे गेम चालो वा पडो, पैसे तेवढेच. मालकाने मुद्दा राखला. लताबाई आणि रफीसाहेबांचं साठच्या दशकात हेच झालं होतं. लताबाई म्हणत, रेकॉर्डच्या विक्रीत गायकाचा वाटा हवा. रफी म्हणत, मानधन घेतलं, विषय संपला. काही वर्षं एकत्र गायलेच नाहीत. पण मला सांग, नटांना जास्त दिलं तर गेम महाग होईल, ही भीती खरी का?

मुक्ता : पोकळ आहे. गेमची किंमत खर्च मोजून ठरतच नाही. सगळा खर्च आधीच होऊन जातो, डाउनलोडची पुढची प्रत जवळपास फुकट निघते. त्यामुळे गिऱ्हाइकाला जी सवय, तो भाव. 60 डॉलर 2005 च्या सुमारास रुळले, 70 व्हायला 2020 उजाडलं. 2025 मध्ये निन्टेन्डोने ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ 80 ला काढला तर केवढी ओरड! महागाई धरली तर 2005 चे 60 म्हणजे 2024 चे सुमारे 96 होतात.

आबा : म्हणजे खरं तर स्वस्तच झाले. आणि खर्च?

मुक्ता : तो भरमसाट वाढला. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ला सुमारे 22 कोटी डॉलर लागले. हा आकडा बाहेर कसा आला ते ऐका. 2023 च्या एका खटल्यात सोनीने कागदावर मार्करने काळं फासलं होतं. स्कॅन केल्यावर खालचं वाचता आलं!

आबा : (हसत) आमच्या ऑडिटरला हे सांगायला हवं.

मुक्ता : शिवाय ऑनलाइन दुकानाचं कमिशन साधारण 30 टक्के. 70 तले 21 तिथेच गेले. म्हणून कंपन्या भाव वाढवण्यापेक्षा गेमच्या आत वस्तू विकतात, गाड्या, कपडे, खोटे पैसे खऱ्या पैशांना. या सगळ्यात नटाचे चार सेंट शोधून सापडणार नाहीत.

आबा : परवा म्हणालीस तो संप 2016 चाच का?

मुक्ता : नाही, दुसरा. जुलै 2024 ते जून 2025. या वेळी मुद्दा एआयचा. नटाच्या आवाजाची डिजिटल प्रत करायची आणि तिच्याकडून हवं ते वदवून घ्यायचं. जुलैमध्ये करार मंजूर झाला. 15.17 टक्के वाढ लगेच, पुढे तीन वर्षं तीन-तीन टक्के. प्रत वापरायची तर संमती घ्यायची, काय वापरलं ते कळवायचं.

आबा : संमती काय, कामाची गरज असली की माणूस कशावरही सही करतो.

मुक्ता : पण एक कलम तुम्हाला आवडेल. पुन्हा संप झाला तर तेवढ्या काळापुरती ती संमती स्थगित करता येते. नट बाहेर बसलाय आणि त्याची प्रत आत काम करतेय, असं होऊ द्यायचं नाही.

आबा : वा! हे कलम ज्याने लिहिलं, त्याने फुटलेला संप नक्की पाहिलाय.