पट्टा पडल्यावर

ऊसतोड मजुराचे परतणे कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप हंगाम संपला, की सुरू होते. ते निभले की नाही, हे मृगाच्या पेरणीला कळते. नांदेडमधील कंधार, मुखेड, लोहा आणि लातूरमधील अहमदपूर, जळकोट या बालाघाटाच्या हलक्या रानांतून दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकात जातात. परत येतात मार्च-एप्रिलमध्ये, गावात पाणीही नसते आणि कामही नसते तेव्हा. 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तेही एप्रिलमध्येच.

परतीचे खरे भवितव्य हिशेबात ठरते. नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला, हंगामाआधीच उचल मिळालेली असते. तोडलेल्या टनांची मजुरी तिच्यातून वळती होते. आजारपणाचे खाडे आणि मध्ये घेतलेली खर्ची वर चढते. वही टोळी जमवून उचल देणाऱ्या मुकादमाकडे असते. उचल फिटली नाही तर बाकी फिरते आणि पुढचा हंगाम आधीच विकला जातो. म्हणून अनेक हंगाम काढलेली माणसे मुकादमाच्या ‘गावी गेल्यावर बघू’ या शब्दावर ट्रक भरत नाहीत. रोजचे टन आणि खर्ची शाळकरी पोराकडून तारीखवार लिहून घ्यावी, आणि तळावरची झोपडी, म्हणजे कोपी, मोडण्याआधी तिथेच मुकादमाची सही घ्यावी. गावात तोच मुकादम भावकीतला नाहीतर तांड्यावरचा निघतो. तिथे तोंड उघडत नाही. बाकीपोटी माणूस डांबून कामाला लावणे मात्र 1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे. तक्रार तहसीलदार किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते.

हाताला काम हवे तर रोजगार हमीची मागणी आल्या-आल्या लेखी द्यावी आणि तारखेची पोच घ्यावी. पंधरा दिवसांत काम देण्याचे बंधन त्या तारखेपासून मोजतात. तोंडी मागणीचा पुरावा उरत नाही. रेशनचे ई-केवायसीही तेव्हाच उरकावे. कोयत्याने झिजलेला अंगठा यंत्राला पटत नाही, हेलपाटे होतात.

गावी मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आहेत. सोबत नेलेल्या मुलाचे शिक्षण हमी पत्रक जाताना शाळेतून घ्यावे, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता येते आणि परतल्यावर वर्ग तुटत नाही. मुलगी मागे ठेवायची काळजी म्हणून उन्हाळ्यातच तिचे लग्न उरकणारी घरे कमी नाहीत. अठरा वर्षांआधीचे ते लग्न बेकायदा असते, आणि त्याच्या खर्चासाठी नवी उचल घ्यावी लागते.

गावात पोहोचणे म्हणजे सामावणे नव्हे, हे 2020 च्या टाळेबंदीत उघड झाले. सरकारने एप्रिलमध्ये टोळ्यांना परतण्याची परवानगी दिली. तरी कित्येकांना आधी वेशीबाहेर, शाळेत किंवा रानात दिवस काढावे लागले.

पेरणीचा पैसा हा शेवटचा अडसर. जूनमध्ये बियाण्याच्या पिशवीसाठी उचल घेतली की अडलेल्या कोयत्याला त्या मुकादमाचा दर मुकाट्याने घ्यावा लागतो. सोयाबीनचे सरळ वाण घरचे राखता येते. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून उगवण बघावी. सत्तर किंवा त्याहून जास्त उगवले तर पिशवी विकत घ्यायची गरज नाही. असे बियाणे घरात असले तर उचल पेरणीनंतर घेता येते, आणि तोपर्यंत दोन-तीन मुकादमांकडे दर विचारून होतो.