नाकाचा डॉक्टर व्हायचे आहे? चौदा वर्षांचा हिशोब



गेल्या गणपतीत आरती झाल्यावर, हातात प्रसादाची वाटी असतानाच, माझ्या पुतणीने जाहीर केले, "मला फेशियल प्लास्टिक सर्जन व्हायचंय." ती कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दादा म्हणाला, "म्हणजे नट्यांची नाकं सरळ करणार? त्यासाठी एवढं शिकायचं?" सगळे हसले. ती हसली नाही. रात्री मला म्हणाली, "काका, तू तरी नीट हिशोब मांडून बघ."

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. डॉक्टरकी कळत नाही, पण आकडेमोड जमते. दादाला दाखवलेला तो कागद आपल्यापैकी इतरांनाही उपयोगी पडावा म्हणून येथे देत आहे.

हे काम नक्की कोणते?

सौंदर्यासाठी नाक बदलणे हा या कामाचा एक भाग झाला. अपघातात मोडलेला चेहरा जुळवणे, त्वचेच्या कॅन्सरमुळे काढावा लागलेला नाकाचा भाग पुन्हा घडवणे, नाकातला वाकडा पडदा सरळ करून श्वास मोकळा करणे, हेही याच डॉक्टरांचे काम.

आणि या विद्येचा पुण्याशी जवळचा संबंध आहे. कावसजी नावाचा इंग्रज फौजेतला एक गाडीवान १७९२ च्या लढाईत टिपूच्या कैदेत सापडला. तिथे त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभराने पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. आधी मेणाचा पातळ तुकडा नाकाच्या जागी बसवून माप घेतले. तो सपाट करून कपाळावर ठेवला व कडेने रेघ ओढली. तेवढी कातडी सोडवली, पण दोन डोळ्यांमधली चिंचोळी पट्टी तशीच ठेवली, म्हणजे रक्तपुरवठा चालू राहतो. मग कातडी फिरवून नाकावर बसवली. सुमारे पंचवीस दिवसांनी ती पट्टी कापली.

ही हकीगत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जनने १८१४ मध्ये तिथे अशीच शस्त्रक्रिया केली. आजही कॅन्सरनंतर नाक घडवताना कपाळाची कातडी याच तत्त्वावर वापरतात आणि जोडपट्टी साधारण तीन आठवड्यांनी कापतात. त्या मॅगझिनमध्ये रोग्याचे नाव आले, शस्त्रक्रिया पाहणाऱ्या इंग्रज डॉक्टरांची नावे आली, कारागिराचे नाव मात्र आले नाही. 'नाक कापले जाणे' म्हणजे काय, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. ते परत देणाऱ्याच्या कामाला नटवेपणा म्हणू नये, एवढेच मी दादाला म्हणालो.

रस्ता किती लांब?

हायस्कूलनंतर कॉलेजची ४ वर्षे, मेडिकल स्कूलची ४, कान-नाक-घशाची रेसिडेन्सी ५ आणि फेशियल प्लास्टिकची फेलोशिप १. एकूण १४. दुसरा मार्ग सलग ६ वर्षांच्या प्लास्टिक सर्जरी रेसिडेन्सीचा. बेरीज तीच. मधे खंड पडला नाही तर वय होते ३२.

खरी अडचण रेसिडेन्सीची. दोन्ही शाखांत जागा थोड्या आणि अर्ज करणारे हुशार. मार्चमधल्या 'मॅच'मध्ये नाव लागले नाही, तरी कर्ज डोक्यावर राहतेच. म्हणून मुलांना एक प्रश्न आधीच विचारावा: फेलोशिप मिळाली नाही, तर नुसते कान-नाक-घशाचे डॉक्टर होऊन समाधान वाटेल का? उत्तर 'नाही' असेल, तर पुन्हा विचार करावा.

पैशाचे काय?

२०२५ च्या कायद्याने केंद्र सरकारच्या कर्जावर मर्यादा घातली. १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्या मेडिकलच्या विद्यार्थ्यासाठी ती वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलर आहे. त्यातही एच-४ व्हिसावरच्या मुलांना हे कर्ज मिळत नाही. नागरिक किंवा ग्रीनकार्डधारकांना मिळते. उरलेली रक्कम खाजगी कर्जातून उभी करायची, तर बहुधा आई-वडिलांची सही लागते. ती सही म्हणजे नुसती ओळख नव्हे. मुलाने हप्ते भरले नाहीत, तर ते आपल्याला भरावे लागतात.

समजा, २ लाखांचे कर्ज, ७ टक्के सरळ व्याज. वर्षाला १४ हजार. रेसिडेन्सी व फेलोशिपच्या ६ वर्षांत काहीच फेडले नाही, तर नुसते व्याज ८४ हजार होते. यावर एक उपाय आहे. ना-नफा हॉस्पिटलात पूर्ण वेळ नोकरी करताना नियमाप्रमाणे १२० मासिक हप्ते भरले, तर उरलेले सरकारी कर्ज माफ होते. रेसिडेन्सीतले हप्तेही त्यात धरले जातात. मात्र खाजगी कर्जाला ही सवलत नाही.

शिवाय सर्जनचे भांडवल म्हणजे त्याची बोटे. म्हणून रेसिडेन्सीतच, तरुण आणि निरोगी असताना, डिसॅबिलिटी इन्शुरन्स घ्यावा. त्यात 'स्वतःचा व्यवसाय' ही अट असावी. म्हणजे हात गेल्यावर शिकवण्याची नोकरी केली, तरी विम्याचे पैसे मिळतात.

आपण रोगी असू तेव्हा

येथे मेडिकल लायसन्स एका शाखेपुरते नसते, त्यामुळे दारावर 'कॉस्मेटिक सर्जन' एवढीच पाटी पाहून भुलू नये. डॉक्टर कोणत्या बोर्डाचा आणि रेसिडेन्सी कशात केली, हे विचारावे. इन्शुरन्स कंपनी निव्वळ सौंदर्यासाठी पैसे देत नाही; श्वासाच्या त्रासासाठी देऊ शकते, पण मंजुरी आधी आणि लेखी घ्यावी. आयकराचेही तसेच: जन्मजात व्यंग, अपघात किंवा आजारामुळे आलेली विद्रूपता असेल तरच चेहऱ्याच्या अशा शस्त्रक्रियेचा खर्च वैद्यकीय धरतात.

दादाने कागद दोनदा वाचला, खाजगी कर्जाच्या ओळीखाली पेनने रेघ मारली आणि घडी करून खिशात ठेवला. मग पुतणीला हाक मारून म्हणाला, "एमकॅटच्या क्लासची फी किती आहे, ते विचारून ठेव."

आपल्या मंडळातले जे डॉक्टर या वाटेने गेले आहेत, त्यांनी आपले अनुभव जरूर लिहून पाठवावेत. माझ्या हिशोबात काही राहिले असेल, तर तेही कळवावे. पुतणी वाट पाहत आहे.