कोरडवाहू घरशेतीचे वर्षाचे उद्दिष्ट

हैदराबादेत गुढीपाडव्याचा दिवस उगादी म्हणून पाळला जातो. त्या दिवशी पंचांगश्रवण होते आणि प्रत्येक राशीला येत्या वर्षात आय किती व व्यय किती, हे आकड्यांनिशी वाचून दाखविले जाते. आपल्याकडेही पाडव्यालाच सालगड्याचे साल ठरते, जुने देणेघेणे निकालात निघते. म्हणजे शेतकरी कुटुंबाने वर्षाचा विचार करावयाचा दिवस परंपरेने ठरवून दिलेलाच आहे. उणीव एवढीच की, पंचांगातील आयव्यय आपण लक्षपूर्वक ऐकतो, परंतु स्वतःच्या घरातील आयव्यय कोठे लिहिलेलाच नसतो. त्यामुळे "यंदा चांगले पिकवावयाचे" याहून निश्चित असे उद्दिष्ट बहुतेक घरांत ठरत नाही.

ही वही कशी ठेवावी, याचा उत्तम नमुना हैदराबादेजवळच तयार झाला आणि त्यातील बराचसा भाग महाराष्ट्रातील खेड्यांत लिहिला गेला, ही गोष्ट आपल्या वाचकांपैकी थोड्यांनाच माहीत असेल. सोलापूरहून उमरगा, जहीराबाद, संगारेड्डी या मार्गाने हैदराबादकडे जाताना शहराच्या अलीकडे पटनचेरू लागते. तेथे १९७२ साली कोरडवाहू प्रदेशातील पिकांसाठी इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था स्थापन झाली. संस्थेच्या अर्थशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये सहा गावे निवडली. तत्कालीन महबूबनगर जिल्ह्यातील औरेपल्ली व डोकूर, सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर व कलमण, आणि अकोला जिल्ह्यातील कान्झरा व किनखेडा ही ती गावे होत. प्रत्येक गावात ४० कुटुंबे घेण्यात आली. त्यांपैकी ३० शेती करणारी व १० मजुरीवर जगणारी होती. स्थानिक भाषा बोलणारा कार्यकर्ता गावातच राहावयाचा आणि दर तीनचार आठवड्यांनी घरोघर जाऊन काय पेरले, काय विकले, काय खाल्ले, कोणाकडे किती दिवस मजुरी केली, किती उसने घेतले हे सर्व टिपून घ्यावयाचा. असे काम काही गावांत तब्बल दहा वर्षे चालले. नवीन शतकात ते पुन्हा हाती घेण्यात आले.

या नोंदींवरून एक गोष्ट स्पष्ट झाली, ती अशी की, कोरडवाहू शेती हा सर्वत्र एकाच प्रकारचा व्यवसाय नाही. शिरापूरची जमीन खोल काळी. तेथे पावसाळ्यात बरेचसे रान पडीक ठेवून, जमिनीत मुरलेल्या ओलीवर रब्बी ज्वारी घेण्याची रीत होती. कान्झऱ्यास पाऊस अधिक खात्रीचा म्हणून कपाशी व खरीप ज्वारी. औरेपल्लीची माती तांबडी, ओल धरून न ठेवणारी. तेथे एरंडी, आणि विहिरीला पाणी असेल त्याच्याकडे भात. आता या तीन गावांतील शेतकऱ्यांना एकच उद्दिष्ट देऊन कसे चालेल?

पटनचेरूच्या प्रक्षेत्रावरील उदाहरणही याच दृष्टीने पाहावे. तेथील काळ्या जमिनीत १९७६ पासून रुंद वरंबे व सऱ्या पाडून, पावसाळ्यातच मका व तूर यांसारखी पिके घेऊन दीर्घकाळ प्रयोग करण्यात आला. सुधारित पद्धतीत हेक्टरी सरासरी सुमारे ५ टन धान्य मिळाले. पावसाळ्यात रान पडीक ठेवण्याच्या जुन्या पद्धतीत ते सुमारे १.१ टनच होते. हा फरक डोळे दिपविणारा आहे. परंतु ही पद्धत खात्रीच्या पावसाच्या खोल काळ्या जमिनीसाठी होती. पाऊस ज्या भागात बेभरवशाचा, तेथील शेतकऱ्याने हा आकडा पाहून आपले उद्दिष्ट ठरविले, तर निराशाच पदरी पडेल. प्रक्षेत्राचा आकडा काय शक्य आहे ते दाखवितो. आपले उद्दिष्ट आपल्या वहीतील आकड्यावरच आधारावे लागते, आणि तोही वाईट वर्षाच्या.

गरज आधी, रान नंतर

उद्दिष्ट ठरविताना "किती रुपये मिळवावयाचे" यापासून प्रारंभ करू नये. घराला काय व किती लागते, हे आधी वजनात मांडावे. येथेही हैदराबादच उपयोगी पडते. तेथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शनात २,००० कॅलरींच्या आहारासाठी माणशी रोज तृणधान्य २५० ग्रॅम, डाळी (किंवा त्यांच्या जागी अंडी, मांस) ८५ ग्रॅम, भाजीपाला ४०० ग्रॅम, दूध ३०० मि.लि. व तेल-तूप २७ ग्रॅम असे प्रमाण दिले आहे.

पाच माणसांच्या घराचा हिशेब करून पाहू. तृणधान्य वर्षाला सुमारे ४५६ किलो होते. शेतात राबणाऱ्या माणसाला याहून अधिक लागते, शिवाय पैपाहुणा आहे, सणवार आहे; म्हणून सहा क्विंटल धरावे. डाळी सुमारे दीड क्विंटल, तेल सुमारे ५० किलो. घाण्यावर गाळावयाचे तर त्यासाठी पावणेदोन ते दोन क्विंटल करडई लागेल. भाजी रोज दोन किलो. ती परसबागेतून, मोरीच्या पाण्यावर, निदान आठ महिने तरी निघावी. मीठ, कापड, औषध, मुलांची पुस्तके ही घरी पिकत नाहीत, आणि सर्वच घरी पिकविण्याचा हट्टही धरू नये. स्वयंपूर्णता म्हणजे बाजाराशी वैर नव्हे. बाजारात आपण आपल्या वेळी जावे, सावकाराच्या वेळी नव्हे, एवढाच तिचा अर्थ.

त्यानंतर रानाकडे वळावे. समजा, आपल्या रानात गेल्या काही वर्षांतील वाईट सालात एकरी अडीच क्विंटल रब्बी ज्वारी झाली होती. तर सहा क्विंटलसाठी अडीच एकर ज्वारी ठेवावी. चांगल्या सालाच्या उताऱ्यावर हिशेब केला तर एक एकरच पुरे वाटेल, बाकीचे रान नगदी पिकाला जाईल आणि हस्ताचा पाऊस हुकला की माघ महिन्यात दळण विकत आणावे लागेल. पुष्कळशी कर्जे अशीच सुरू होतात. त्या कर्जाला पुढे पिकाचे नाव मिळते, परंतु मूळ शोधू गेल्यास ते दळणाच्या पिठात सापडते.

आता वैरण. दोन बैल व एक म्हैस यांना जनावरामागे रोज सहा किलो कोरडी वैरण धरली आणि चार महिने बाहेरच्या चाऱ्यावर निभावले, तरी आठ महिन्यांसाठी सव्वाचार टन लागते. वाईट सालात एकरी एक टन कडबा धरल्यास अडीच एकरांतून अडीच टनच मिळेल. म्हणजे धान्य पुरते, पण वैरण पावणेदोन टनांनी कमी पडते! ज्या घराने हा हिशेब मांडलेला नसतो, त्याला तो फाल्गुनात कळतो; आणि त्या वेळी शेजारीपाजारी सर्वांनीच जनावरे बाजारात नेलेली असतात, भाव पडलेले असतात. वही असेल तर दिवाळीलाच गंजीतील पेंढ्या मोजता येतात. बांधावर मारवेलसारखे गवत लावावयाचे, तुरीचे व हरभऱ्याचे भूस जपून ठेवावयाचे, की एक जनावर भाव असतानाच विकावयाचे, याचा निर्णय मग हातात वेळ असताना घेता येतो. माझ्या मते कोरडवाहू घराच्या वार्षिक उद्दिष्टात धान्याखालोखाल वैरणीचा आकडा असलाच पाहिजे. पुष्कळ योजनांतून तोच नेमका वगळला जातो.

बियाण्याचे वजन नगण्य, पण मोल सर्वांत अधिक. एकरी चार किलोप्रमाणे अडीच एकरांना दहा किलो ज्वारी पुरते. दुबार पेरणीचा प्रसंग लक्षात घेऊन वीस किलो बाजूला काढावी, आणि खाण्याच्या कणगीत ती मुळीच ठेवू नये. जहीराबादजवळ पस्तापूर येथे १९८३ पासून काम करणाऱ्या डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या महिला संघांनी गावोगावी बियाण्यांच्या पेढ्या उभ्या केल्या आणि बैलगाड्यांतून आपल्या वाणांची जत्रा काढण्याचा प्रघात पाडला. या स्त्रिया मुख्यतः अल्पभूधारक व दलित कुटुंबांतील आहेत. बियाण्याची चावी घरातील बाईकडे असावी, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे.

वही कोणी लिहावी

घरात अक्षरओळख असलेले मूल असेल तर वही त्यानेच लिहावी. शिक्षकांनी सातवी-आठवीच्या अंकगणितात आठवड्यातून एकदा घरच्या नोंदींचा पाठ घेतल्यास त्रैराशिकही शिकवून होईल आणि घराचा हिशेबही राहील. पाने चारच असावीत : धान्य, वैरण, रोकड, आणि मजुरीचे दिवस. शेवटचे पान वगळू नये; कारण वरील सहा गावांतील नोंदींवरून असे दिसते की, लहान शेतकऱ्याचे घर केवळ शेतावर चालत नाही, मजुरीचाही त्यात मोठा भाग असतो. पोळा, दिवाळी, संक्रांत व पाडवा या चार दिवशी पाने जुळवून पाहावीत.

ग्रामसेवक व कृषी सहायक यांच्यासाठीही एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. लहान शेतकरी भित्रा असतो, नवे काही करीत नाही, अशी तक्रार आपण कार्यालयात नेहमी ऐकतो. हान्स बिन्सवांगर या अर्थशास्त्रज्ञाने याच खेड्यांत शेतकऱ्यांपुढे खऱ्या पैशांचे पर्याय ठेवून, नाणे उडवून ही गोष्ट पारखली आणि १९८० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. रक्कम मोठी झाली की गरीब व सधन असे बहुतेक सर्वच सारखेच, मध्यम प्रमाणात सावध होतात, असे त्यांना आढळले. फरक स्वभावाचा नव्हता. तो कर्ज मिळण्याचा व साधनांचा होता. तेव्हा उद्दिष्ट गाठले न गेलेल्या घरी गेल्यावर प्रथम वहीचे रोकडीचे पान उघडावे, आणि पेरणीच्या आठवड्यात त्या घरात किती पैसे होते ते पाहावे.