पिकअपच्या चाकांतील हवा : किती आणि केव्हा?

मालवाहू पिकअपच्या खर्चाचा हिशेब मांडताना इंधन, विमा आणि कर्जाचा हप्ता यांची आठवण प्रत्येक मालकाला होते. चाकांतील हवेची क्वचितच. ती अल्प मोलात भरून मिळते, म्हणून तिच्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. प्रत्यक्षात वाहनाचा बहुतांश भार टायरच्या रबरावर नव्हे, तर त्यात कोंडलेल्या हवेवर तोललेला असतो. हवा कमी असेल तर टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यागणिक अधिक वाकते, त्यातून उष्णता निर्माण होते, आतील थर सुटू लागतात आणि एखाद्या दुपारी भरल्या गाडीचा टायर फुटतो. माल नाशवंत असला तर त्या दिवसाचा बाजार हुकतो. हप्ता मात्र ठरल्या तारखेलाच भरावा लागतो.

हा विषय समजून घेण्यास चंडीगढइतके सोयीचे ठिकाण विरळा. पुण्यात वा नाशकात ऋतूंमधील फरक तुलनेने सौम्य असल्याने हवेतील चूक बराच काळ झाकून राहते. चंडीगढमध्ये जानेवारीच्या पहाटे तापमान ५ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरते, तर जूनच्या दुपारी ४० अंशांच्या वर चढते. शिवाय सेक्टर २६ मधील भाजी-फळांच्या घाऊक बाजारातून सपाट, रुंद रस्त्याने निघालेले वाहन त्याच दिवशी सुमारे २,२०० मीटर उंचीवरील सिमल्याला पोहोचू शकते.

पहिला प्रश्न, आकडा घ्यायचा कोठून? अनेक चालक टायरच्या बाजूवर कोरलेला आकडा प्रमाण मानतात. ही सर्वांत रूढ चूक होय. तो आकडा त्या टायरच्या कमाल भारक्षमतेशी निगडित असतो. तोच टायर निरनिराळ्या वाहनांना बसतो, त्यामुळे विशिष्ट वाहनासाठी किती हवा हवी हे तो सांगू शकत नाही. ते वाहन उत्पादकाच्या पुस्तिकेत आणि बहुधा चालकाच्या दाराजवळील पाटीवर दिलेले असते. पिकअपच्या बाबतीत पुढील व मागील चाकांचे आकडे वेगळे असतात आणि पुष्कळदा रिकाम्या व भरलेल्या गाडीचेही. या दोहोंचा मध्य काढून तेवढीच हवा कायम ठेवण्याची पद्धत आढळते. ती भरल्या गाडीला अपुरी पडते. गाडी बहुतेक वेळा भरलेलीच धावत असेल, तर भरलेल्या गाडीचा आकडा पाळणे इष्ट. मात्र रिकाम्या परतीच्या फेरीत मागील चाके उसळतात आणि ओल्या रस्त्यावर पकड घटते, हे ध्यानात ठेवून वेग आवरावा.

पाटीवरील आकडा मान्य वजनापुरताच खरा असतो. खरे वजन कळण्यास वजनकाट्याखेरीज उपाय नाही. उत्तर भारतात त्याला ‘धरमकाँटा’ म्हणतात. काट्यावर केवळ मागील चाके उभी केली की मागील अ‍ॅक्सलचा भार कळतो. समजा तो १,९०० किलो भरला आणि मागे दोनच चाके आहेत; म्हणजे प्रत्येकी ९५० किलो. टायरवरील भारांक १०४ असेल, तर त्याची क्षमता ९०० किलो आहे. अशा वेळी हवा वाढवून काहीही साधत नाही. कमाल दाबाच्या पुढे भरलेली हवा टायरची क्षमता वाढवीत नाही. माल उतरविणे किंवा वाहन उत्पादकाला मान्य असा अधिक क्षमतेचा टायर बसविणे, हेच दोन मार्ग उरतात. टायर बदलला तरी वाहनाची मान्य भारमर्यादा वाढत नाही, हे वेगळे सांगायला नको.

दुसरा प्रश्न, हवा मोजायची केव्हा? उत्पादकांनी दिलेला आकडा थंड टायरचा असतो, म्हणजे निदान तीन तास उभ्या असलेल्या वाहनाचा. उदाहरणादाखल ६५ पौंड, अर्थात दर चौरस इंचास ६५ पौंड, हा आकडा घेऊ. जूनमध्ये ३० अंशांच्या पहाटे ६५ पौंड हवा भरली आणि पुढे कधी पाहिलीच नाही, तर जानेवारीत ५ अंशांच्या पहाटे ती केवळ थंडीने ५८ ते ५९ पौंडांवर आलेली असते. कालांतराने व्हॉल्व्ह व रबरातून झिरपलेली हवा त्याहून निराळी. याउलट, धावून तापलेला टायर ७२ पौंड दाखवितो तेव्हा ‘जादा’ हवा सोडून ती ६५ वर आणणारे चालकही आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची गाडी कमी हवेवरच निघते. तापलेल्या टायरमधील हवा सोडू नये.

घाटाविषयी एक मौजेची गोष्ट आहे. सिमल्याच्या उंचीवर बाहेरील वातावरणाचा दाब चंडीगढपेक्षा सुमारे ३ पौंडांनी कमी असतो, म्हणून गेज तेवढा अधिक आकडा दाखवितो. पण तेथील हवा १५ अंशांनी थंड असेल, तर टायरमधील दाब जवळजवळ ४ पौंडांनी उतरतो. दोन्ही परिणाम एकमेकांना बव्हंशी खोडतात. त्यामुळे वर पोहोचल्यावर हवा कमी-जास्त करण्याची धडपड सहसा अनावश्यक ठरते. नायट्रोजन भरल्यानेही हा नियम बदलत नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

डोळ्यांनी पाहून वा लोखंडी सळईने ठोकून हवा ओळखण्याची सवय जुनी आहे. रेडियल टायरची बाजू पुरेशा हवेतही किंचित फुगलेली दिसते, त्यामुळे हा अंदाज फसवा ठरतो. तबकडीच्या गेजमधील वाकडी नळी फ्रान्सच्या युजेन बूर्दों यांनी १८४९ मध्ये शोधून काढली. दाब वाढला की ती सरळ होऊ पाहते आणि काटा फिरतो. गेज वारंवार खाली आपटला की नळी बिघडते आणि आकडा चुकतो. हवा भरण्याच्या ठिकाणचे गेज दिवसभर आपटत असतात. म्हणून स्वतःचा एक गेज गाडीत ठेवावा, पंधरवड्यातून एकदा पहाटे सर्व चाके तपासावीत आणि वर्षातून एकदा तो गेज खात्रीच्या गेजशी ताडून पाहावा. टायरची झीजही साक्ष देते : मधला पट्टा आधी झिजला तर हवा अधिक, दोन्ही कडा झिजल्या तर कमी, एकच कड झिजली तर दोष हवेचा नसून बहुधा चाकांच्या अलाइनमेंटचा असतो.

स्टेपनीत पुढील व मागील चाकांपैकी जो मोठा आकडा असेल तेवढी हवा भरावी. घाटात रात्री हवा काढता येते. भरता येत नाही.